समाधान कोणी कोणास सांगावे?

गेल्या चैत्रात आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यातील एका लहानशा गावी मुक्कामास होतो. ऊसतोडीचा हंगाम संपून माणसे नुकतीच परतली होती, आणि कित्येक महिने बंद असलेल्या घरांची दारे पुन्हा उघडली होती. सायंकाळची प्रार्थना आटोपून मंडळी पांगली, तरी एक मध्यम वयाचा गृहस्थ उंबऱ्यापाशी बसून राहिला. पुष्कळ वेळ तो काही बोलेना. शेवटी त्याने आपल्या मनातील गोष्ट सांगितली ती अशी.

तो व त्याची पत्नी मिळून एक कोयता. दसऱ्याच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन दोघे कारखान्यावर गेली. हंगामात पत्नीस ताप आला, त्यामुळे चार दिवसांचे खाडे पडले. परंतु हिशेबाच्या वेळी त्यांच्या सातवीत शिकणाऱ्या मुलीने मुकादमाची वही वाचून पाहिली, तेव्हा तीत अकरा खाडे मांडलेले आढळले. बापाने हात जोडून विचारणा केली. मुकादमाने राग केला नाही. उलट गोड शब्दांनी तुकोबारायांचा समाधानाविषयीचा सुप्रसिद्ध अभंग म्हणून दाखविला, आणि देवाने दिले त्यात सुख मानावे, हाव धरू नये, असा बोध केला. हिशेब मात्र पुढे निघालाच नाही. सात दिवसांची मजुरी व त्यावरील दंड उचलीच्या बाकीत चढून ते ओझे पुढल्या वर्षावर गेले.

“मास्तर,” तो म्हणाला, “अभंग खोटा न्हाई. माझा बापबी त्यो म्हणायचा. समाधान राखावं हे मला पटतंय. पण मग हिशेब मागायचा का न्हाई?”

आम्हांस त्या क्षणी उत्तर सुचले नाही, हे कबूल केले पाहिजे. उत्तरे दोन तयार होती, पण दोन्ही आम्हांस उणी वाटली. एक असे की, हा समाधानाचा उपदेश म्हणजे गरिबास निजविण्याचे औषध आहे, तो टाकून द्यावा. दुसरे असे की, बाबा, सोसावे व गप्प राहावे, देव पाहतो आहे. पहिले उत्तर दिले असते तर त्या मनुष्याच्या बापाने जन्मभर जे जपले त्याचा आम्ही अपमान केला असता. दुसरे दिले असते तर आमच्यात व मुकादमात अंतर काय राहिले असते? म्हणून त्या रात्री व पुढेही आम्ही ह्या प्रश्नाचा विचार केला. हिंदू तत्त्वज्ञानात अंतरीचे समाधान व आत्मज्ञान ह्यांविषयी खरोखर काय सांगितले आहे, आणि मुकादमाने त्याचा जो उपयोग केला तो त्या शास्त्रास धरून होता काय, हे शोधून पाहिले. जे हाती लागले ते आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहो. आमचे पुष्कळ वाचक गावोगावी शिकविण्याचे काम करितात. आज ना उद्या हाच प्रश्न त्यांच्याही उंबऱ्यावर येऊन बसेल.

आरंभ उपनिषदांपासून करू. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य ऋषीची कथा आहे. त्यास मैत्रेयी व कात्यायनी अशा दोन स्त्रिया होत्या. घर सोडून जाण्याची वेळ आली तेव्हा त्याने दोघींत मालमत्तेची वाटणी करण्याचे ठरविले. त्या वेळी मैत्रेयीने त्यास विचारिले की, धनाने भरलेली सारी पृथ्वी मला मिळाली तर मी अमर होईन काय? ऋषीने सरळ सांगितले की नाही, धनवंतांचे आयुष्य जसे जाते तसे तुझे जाईल इतकेच. तेव्हा तिने वाटणी नको म्हटले व ज्ञान मागितले. मग याज्ञवल्क्याने तिला सांगितले की, पती, पत्नी, पुत्र, धन ही सर्व मनुष्यास जी प्रिय वाटतात ती आत्म्याकरिता वाटतात. म्हणून ज्याच्यामुळे बाकीचे सर्व गोड लागते त्या आत्म्यासच ओळखावे.

कठोपनिषदातील नचिकेत तर कोवळा मुलगा. तो यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहिला, म्हणून यमाने त्यास तीन वर दिले. तिसऱ्या वराने त्याने मेल्यावर मनुष्याचे काय होते हे विचारिले. यमाने ते सोडून दुसरे काहीही माग म्हटले. दीर्घायुषी मुले व नातवंडे, गुरे, हत्ती, घोडे, सोने, जमीन सर्व पुढे केले. मुलगा बधला नाही. धनाने मनुष्याची तृप्ती होत नाही, आणि ही सर्व उद्याची सोबत नव्हे, असे त्याचे म्हणणे पडले.

ह्या दोन कथांत एक गोष्ट वाचकांनी लक्षात घ्यावी. मैत्रेयीपुढे वाटणी ठेवली होती, नचिकेतापुढे राज्य ठेवले होते. दोघांनी जे नाकारिले ते त्यांच्या हाती येत होते. कोणी त्यांचे हिरावून घेतले आणि मग त्यांस तृप्तीचा पाठ दिला, असे झाले नाही. याज्ञवल्क्याने मैत्रेयीचा वाटा दाबून ठेवून, तू आता आत्मज्ञानात सुख मान, असे म्हटले असते तर ते उपनिषद झाले नसते. ती घरातली लबाडी झाली असती.

आता आत्मज्ञान म्हणजे काय, हे साध्या रीतीने समजून घेऊ. वेदान्ती लोक एक दृष्टांत देतात, आणि विद्यारण्यांनी आपल्या पंचदशी ग्रंथात तो फार विस्ताराने वापरिला आहे. दहा जण नदी उतरून पलीकडे गेले. सर्व जण सुखरूप आले की नाही हे पाहावे म्हणून एकाने मोजणी केली. ती नऊच भरली. दुसऱ्याने मोजले, तरी नऊच. प्रत्येक जण दुसऱ्यांस मोजी व स्वतःस मोजण्यास विसरे. दहावा वाहून गेला असे समजून ते ऊर बडवून रडू लागले. इतक्यात कोणी शहाणा वाटसरू आला. त्याने सर्व पाहून मोजणाऱ्यास म्हटले की, अरे, दहावा तूच आहेस. तत्काळ शोक मावळला.

वेदान्ताचे म्हणणे असे की, मनुष्याचे असमाधान ह्याच जातीचे आहे. तो सुख बाहेर मोजीत फिरतो. शेत मोजतो, दागिने मोजतो, शेजाऱ्याचे बैल मोजतो, आणि गणती सदा एकाने कमी भरते. जो मोजणारा, तोच मोजावयाचा राहिला आहे. आत्मसाक्षात्कार झाला म्हणजे नवीन काही मिळते असे नाही. जे कधी हरवले नव्हते ते हरवले नाही एवढे कळते. ह्यामुळे जे समाधान येते ते पाऊस पडला म्हणून येत नाही व दुष्काळ पडला म्हणून जात नाही.

परंतु ह्याच दृष्टांताची एक शेवटची बाजू आहे, ती कीर्तनात बहुधा सांगितली जात नाही. विद्यारण्यांनी ती मुद्दाम लिहिली आहे. दहावा सापडला नाही तोवर त्या मनुष्याने दुःखाने आपले डोके बडवून घेतले होते व त्यास जखम झाली होती. दहावा तूच, हे कळताच रडणे थांबले. परंतु डोक्याची जखम त्याच क्षणी बरी झाली नाही, ती हळूहळू महिन्याभराने भरली. ग्रंथकाराचा हेतू प्रारब्धाविषयी सांगण्याचा आहे. तथापि आम्हांस त्यातून आपल्या प्रश्नापुरते एक शिकावेसे वाटते. ज्ञानाने शोक जातो, पण जखमेस औषधपाणी लागतेच. ज्याचे डोके फुटले आहे त्यास, तू आत्मा आहेस, तुला जखम नाही, असे सांगून जो पट्टी बांधावयाचे टाळतो, त्याने दृष्टांत अर्धाच ऐकला आहे.

गीतेकडे वळू. दुसऱ्या अध्यायाच्या शेवटच्या भागात अर्जुन स्थितप्रज्ञ पुरुषाची लक्षणे विचारितो. श्रीकृष्ण सांगतात की, जो मनातील सर्व वासना सोडून स्वतःच्या ठायीच संतुष्ट असतो, दुःखाने खचत नाही व सुखास लाचावत नाही, तो स्थितप्रज्ञ. अंतरीच्या समाधानाचे ह्याहून स्पष्ट वर्णन क्वचितच सापडेल. परंतु हा उपदेश कोठे झाला व कोणास झाला? रणांगणावर, ज्याने धनुष्य खाली ठेविले होते अशा मनुष्यास. आणि उपदेशाचा शेवट असा झाला की त्याने धनुष्य उचलले. तिसऱ्या अध्यायात तर असेही सांगितले आहे की, आत्म्यातच तृप्त असणाऱ्यास स्वतःकरिता करावयाचे काही उरत नाही, तरी त्याने जनकासारखे लोकसंग्रहाकरिता कर्म करीत राहावे. म्हणजे गीतेतील संतुष्ट पुरुष हात बांधून बसलेला नाही. त्याचे मन शांत आहे आणि हात कामात आहेत.

येथे एक अप्रिय गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. त्याच गीतेत चार वर्णांची कर्मे वाटून दिली आहेत, आणि आपले नेमलेले कर्म सदोष असले तरी सोडू नये असे सांगितले आहे. ह्या वचनांचा आधार घेऊन शतकानुशतके कोट्यवधी माणसांस, तुम्ही आहा तेथेच राहा, असे बजावण्यात आले. अर्थ लावणारे निरनिराळा अर्थ लावितात, व त्यात विद्वानांचे आजही एकमत नाही. परंतु ज्यांच्या पाठीवर त्या अर्थाचा भार पडला त्यांच्यापैकीच आमचे पुष्कळसे वाचक आहेत. त्यांस तो भार काल्पनिक होता असे आम्ही सांगणार नाही. समाधानाच्या उपदेशास हा डाग लागला आहे, आणि म्हणूनच मुकादमाच्या तोंडी तो इतक्या सहज येतो.

मग खरे समाधान व हे बनावट समाधान ओळखावे कसे? आमच्या मते त्याची खूण पतंजलीच्या योगसूत्रांत आहे. पतंजलीने योगाची आठ अंगे सांगितली आहेत. पहिले अंग यम, दुसरे नियम. यम पाच आहेत: अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य व अपरिग्रह. नियमही पाच आहेत: शौच, संतोष, तप, स्वाध्याय व ईश्वरप्रणिधान. वाचकांनी ही मांडणी नीट पाहावी. यम बहुतांशी आपण दुसऱ्याशी कसे वागावे ह्याविषयी आहेत: दुसऱ्यास इजा करू नये, खोटे बोलू नये, दुसऱ्याचे घेऊ नये, गरजेबाहेर साठवू नये. नियम आपण स्वतःस कसे वळण लावावे ह्याविषयी आहेत. संतोष नियमांत आहे, यमांत नाही. तो मनुष्याने स्वतःस लावून घ्यावयाचा आहे.

आता ह्या मापाने त्या वहीचा हिशेब करून पाहा. चार खाड्यांचे अकरा लिहिणे हे सत्याविरुद्ध आहे. सात दिवसांची मजुरी ठेवून घेणे हे अस्तेयाविरुद्ध आहे. जेवढे आपले नाही तेवढे पेटीत भरणे हे अपरिग्रहाविरुद्ध आहे. म्हणजे मुकादमाने स्वतःचे तीन यम मोडले, आणि मजुरास दुसऱ्या पायरीवरील एक नियम शिकविला. ज्याची पहिली पायरी ढासळली आहे त्याने दुसऱ्यास वरच्या पायरीवर चढावयास सांगावे, हे योगशास्त्रास धरून नाही.

राहिला तो अभंग. अभंग तुकोबांचा, तेव्हा तुकोबांनी स्वतः समाधान कसे आचरिले हे पाहणे न्यायाचे आहे. त्यांचे चरित्र महिपतींनी आपल्या भक्तलीलामृतात सविस्तर गायिले आहे. हा ग्रंथ १७७४ साली पूर्ण झाला. अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड जस्टिन ॲबट यांनी त्यातील तुकारामचरित्राचे इंग्रजी भाषांतर १९३० साली प्रसिद्ध केले. कवि नारायण वामन टिळक यांनीही तुकोबांचे ऋण उघडपणे मानिले होते. त्यामुळे आपल्या मंडळ्यांस हे नाव परके नाही.

तुकोबा देहूचे. घरी वाणिज्य व सावकारी होती. १६३० च्या सुमारास दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला. त्यात त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मूलही गेले, व्यापार बुडाला. त्यानंतर त्यांच्या मनाने जगाचा निरोप घेतला. घरात लोकांकडून येणे असलेल्या कर्जाचे कागद पडले होते. ते सर्व इंद्रायणीत बुडवावे असे त्यांनी ठरविले. तेव्हा धाकटा भाऊ कान्होबा म्हणाला की, माझे पुढे कसे होणार? महिपती सांगतात की, तुकोबांनी कागदांचे दोन वाटे केले. अर्धे भावास दिले. आपल्या वाट्याचे तेवढे नदीत सोडले.

वाचकहो, ह्या एका कृतीत आम्हांस आमच्या प्रश्नाचे बहुतेक उत्तर सापडते. पहिली गोष्ट, तुकोबांनी जे सोडले ते लोकांनी त्यांस द्यावयाचे होते. लोकांचे जे त्यांनी द्यावयाचे होते ते बुडवून त्यांनी लोकांस समाधानाचा बोध केला नाही. मुकादमाच्या व तुकोबांच्या कृतीत दिशाच उलटी आहे. तुकोबांच्या समाधानाने दुसऱ्याचे कर्ज फिटले, मुकादमाच्या बोधाने दुसऱ्याचे कर्ज वाढले. दुसरी गोष्ट, आपल्या वैराग्यास त्यांनी भावाचा वाटा कापून घेतला नाही. कान्होबास त्याचा वाटा हवा होता, तो त्यांनी दिला. तू लोभी आहेस, तूही समाधानी हो, असे म्हणून त्याचे कागद ओढून घेतले नाहीत. म्हणजे संतोष हा आपल्या वाट्यापुरता आहे. दुसऱ्याच्या वाट्यावर त्याची सत्ता चालत नाही.

तरी येथेही सर्व गोड नाही. तुकोबांची दुसरी पत्नी जिजाई हिचे हाल चरित्रात ठिकठिकाणी दिसतात. घरात पोरे उपाशी आणि नवरा डोंगरावर भजनात. ती विठोबासही बोल लावी. कीर्तनकार तिला कजाग म्हणून हसे पिकवितात. आम्हांस हसू येत नाही. चूल तिच्या गळ्यात होती. घरातील एकाच्या समाधानाची किंमत दुसऱ्याने भुकेने भरावी लागत असेल, तर त्या दुसऱ्यास आधी विचारावे, एवढे तरी जिजाईच्या बोलण्यातून आपण घ्यावे.

आता चोखोबांकडे पाहू. चोखामेळा मंगळवेढ्याचे, जातीने महार. पंढरीच्या देवावर त्यांचे प्रेम अपार, पण देवळात पाऊल टाकण्याची मनाई. १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून ते इतर मजुरांसह गाडले गेले. त्यांची समाधी पंढरपुरास महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशी आहे. म्हणजे मेल्यावरही उंबऱ्याबाहेरच. त्यांच्या अभंगांत समाधान आहे, देवाशी एकरूपतेचा आनंद आहे, हे खरे. पण त्यातच विटाळाविषयीचा रोखठोक प्रश्नही आहे. त्यांचा मुलगा कर्ममेळा ह्याचे अभंग तर देवास सरळ जाब विचारतात की, असा जन्म देऊन तू आम्हांस काय दिलेस. बापाचे अंतरीचे सुख खोटे नव्हते, आणि मुलाचा संतापही खोटा नव्हता. एकाच घरात दोन्ही नांदली.

ज्या दारी चोखोबा उभे राहिले ते दार अस्पृश्यांकरिता उघडावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरास उपोषण केले, आणि ते दार उघडले. त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९४८ साली, डॉक्टर आंबेडकरांनी अस्पृश्यांविषयीचा आपला इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास व चोखामेळा ह्या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला. चोखोबा बाहेर राहूनही मनाने तृप्त होते, तेव्हा दार बंद असले तरी चालेल, असे ह्या दोघांपैकी कोणी म्हटले नाही. चोखोबांचे समाधान हे चोखोबांचे पुण्य. दार बंद ठेवणाऱ्यांनी ते आपल्या जमेस धरू नये. जो आत शांत आहे त्याच्यावरचा अन्याय त्यामुळे लहान होत नाही. उलट, इतक्या थोर मनुष्यास बाहेर ठेविले म्हणून तो अधिकच मोठा दिसतो.

आणि हे वेदान्ताच्याच तत्त्वाने सिद्ध होते. आत्मा सर्वांठायी एकच, असे तो सांगतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात, जो आपल्यावरून दुसऱ्याचे सुखदुःख ओळखतो तो योगी श्रेष्ठ ठरविला आहे. मग ज्यास हे खरोखर कळले, त्यास दुसऱ्याची मजुरी बुडविताना आपलाच हात कापल्यासारखे वाटले पाहिजे. ज्यास तसे वाटत नाही त्याने आत्म्याविषयी ऐकले आहे, आत्मा ओळखला नाही. पैठणच्या एकनाथांविषयी जी आख्यायिका आहे तिचे मर्म हेच. काशीहून रामेश्वरास नेण्याकरिता आणलेले गंगेचे पाणी त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवास पाजले. आत्मज्ञानी मनुष्याने गाढवास, तू देह नव्हेस, असे सांगितले नाही. त्याने कावड उतरविली.

आमच्या वाचकांस ह्या जागी आपल्या शास्त्राची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. पौलाने फिलिप्पैकरांस पत्र लिहिले ते बंदिवासातून. भरल्या पोटी व उपाशी पोटी सारखेच राहण्यास आपण शिकलो आहो, असे तो त्यात लिहितो. पण तो हे स्वतःविषयी लिहितो. त्याच शास्त्रात याकोबाचे पत्र आहे. कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे व तो ओरडा देवाच्या कानी गेला आहे, असे त्यात धनवानांस बजाविले आहे. समाधानाचे वाक्य स्वतःस, मजुरीचे वाक्य धन्यास. पौलाचे वाक्य मजुरास वाचून दाखवावे व याकोबाचे मिटून ठेवावे, हा प्रकार आमच्याही मंडळ्यांत घडला नाही असे म्हणता येणार नाही. तेव्हा दुसऱ्याच्या घरचा डाग दाखविताना आपले अंगण झाडलेले असावे. समाधान कोठून येते ह्याविषयी दोन मार्गांत भेद आहे. वेदान्त म्हणतो, ते आत होतेच, फक्त ओळखावयाचे राहिले. आपण म्हणतो, ते देणाऱ्याच्या हातून मिळते. हा भेद लहान नाही व आम्ही तो पुसू इच्छीत नाही. पण ते समाधान दुसऱ्याच्या तोंडात कोंबावयाचे बोळे नव्हे, ह्याविषयी दोहोंची साक्ष एकच आहे.

तेव्हा आमचे मत असे ठरले. समाधान ही मनुष्याने स्वतः होऊन आपल्या हावेस घालावयाची मर्यादा आहे, दुसऱ्याच्या हक्कास घालावयाची बेडी नव्हे. ज्यास ते सांगावयाचे असेल त्याने आधी तीन गोष्टी पाहाव्या. मी हे बोलतो ह्यात माझा स्वतःचा काही फायदा आहे काय? ज्यास मी सांगतो त्याचे मी काही देणे लागतो काय? आणि जे मी त्यास सोडावयास सांगतो ते मी स्वतः सोडले आहे काय? पहिल्या दोहोंचे उत्तर नाही व तिसऱ्याचे होय, असे आले तर बोलावे. नाही तर अभंग आपल्याशीच म्हणावा.

आणि ज्यास हिशेब मागावयाचा आहे त्यानेही आपले मन तपासावे. हिशेब मागताना मनात आग पेटली, दिवसरात्र त्या सात दिवसांवाचून दुसरे काही दिसेना, मुलीचे हसणे व भाकरीची चवही गेली, तर मुकादमाने मजुरीबरोबर आणखी काही नेले असे होईल. तेवढे त्यास नेऊ देऊ नये. येथेच अंतरीच्या समाधानाचे खरे काम आहे. शांत मनाचा मनुष्य हिशेब नीट मांडतो, आवाज चढवीत नाही व मागेही सरत नाही.

आम्ही त्या गृहस्थास दुसऱ्या दिवशी एवढेच सांगितले की, समाधान तू राख व हिशेबही माग, दोहोंत विरोध नाही. मुलीने पाटी सोडून वही घेतली. आईबापांनी आठवून आठवून दिवस सांगितले, कोणत्या फडात किती गाडी भरली ते सांगितले, आणि तिने ते सुवाच्य अक्षरांत उतरून काढिले. तो कागद घेऊन तो दोघा भाऊबंदांसह मुकादमाकडे गेला. पुढे पावसाळ्यात आमची पुन्हा भेट झाली तेव्हा आम्ही विचारिले. पाच खाडे खोडले गेले होते. दोन तसेच राहिले होते.

“त्या दोनांचं काय?” आम्ही विचारिले.

“ते सोडले मास्तर,” तो म्हणाला. “कारभारणीला इचारलं, तीबी सोडा म्हणली. पण त्यानं न्हाई ठेवून घेतले. आम्ही सोडले.”

तो हे बोलला तेव्हा त्याच्या मुद्रेवर जे होते, त्यास समाधान म्हणावयास आम्हांस मुळीच संकोच वाटत नाही.